‘साहेब, तुमी इचारलंच नाई’



कृषी खात्यातला माणूस लिहायला बसला की तुम्ही ओळखता, आता हा बियाण्याचे, खताचे नाहीतर किडीचे काहीतरी सांगणार. तुमचे बरोबर आहे. तीस वर्षांहून अधिक काळ मी तेच सांगत आलो. अकोल्याच्या कृषी विद्यापीठातून बी.एस्सी. झालो, खात्यात लागलो आणि तेव्हापासून वऱ्हाडातल्या बांधाबांधावर माझ्या चपला झिजल्या. आता निवृत्तीला दोन वर्षे उरली. पण आजचा विषय वेगळा आहे. तरुण पोरापोरींच्या मनाची आणि त्यांच्या घरच्यांची काळजी वाहणारी काही माणसे असतात. कोणी मानसोपचाराचे डॉक्टर, कोणी मानसशास्त्रज्ञ, कोणी समुपदेशक, कोणी समाजसेवक. या माणसांनी नोकरी लागल्यावरही शिकत राहणे किती गरजेचे आहे, ते मला सांगायचे आहे.

तुम्ही म्हणाल, ती शिकलेली माणसे. त्यांच्या शिक्षणाशी आम्हा कास्तकारांचा काय संबंध? आधी घडलेली हकीकत ऐका, मग तुम्हीच ठरवा. ज्याची ही हकीकत, त्या मुलाला आणि त्याच्या आईवडिलांना विचारून, त्यांच्या होकारानेच लिहितो आहे. नाव-गाव सांगत नाही.

२०१८ ची दिवाळी नुकतीच झाली होती. कापसाची वेचणी सुरू होती. माझ्या मंडळातल्या एका गावात पाच एकर कोरडवाहू जमिनीचा एक कास्तकार आहे. त्याचा मुलगा तंत्रनिकेतनात दुसऱ्या वर्षाला होता. दिवाळीला घरी आला तो परत जायचे नाव घेईना. दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडून राही. मी गावात गेलो तेव्हा बापाने मला पारापाशी गाठले.

“साहेब, पोरगं कॉलेजात जात नाई म्हणते. धड जेवत नाई, बोलत नाई. तुमचा शब्द गावात कोणी खाली पडू देत नाई. जरा समजावून सांगा जी त्याले.”

मी लगेच गेलो. ओसरीवर खाट टाकली, चहा आला, मुलाला समोर बसवले आणि मी सुरू झालो. माझी गरिबी सांगितली. सायकलवर दहा किलोमीटर शाळेत जायचो ते सांगितले. “तुझा बाप उन्हातान्हात राबतो, तो कोणासाठी? त्याच्या घामाची तरी लाज राख. दोन विषय राहिले म्हणून कोणी घरी बसते का? मनावर घेतले तर काय होत नाही?” असे तासभर बोललो. मुलगा मान खाली घालून “हो सर, हो सर” म्हणत होता. निघताना मी बापाच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणालो, “काळजी करू नका. आता येईल वळणावर.” गाडीवर बसताना मला स्वतःचेच कौतुक वाटले.

दहा-बारा दिवसांनी सकाळी फोन आला. घरात फवारणीचे औषध होते. त्या हंगामात मीच ते फवारायला सांगितले होते. त्याच्याकडे त्या पोराचा हात गेला होता.

शेजाऱ्याची जीप दारात उभी होती आणि प्राथमिक आरोग्य केंद्र जवळ होते. तिथून मोठ्या दवाखान्यात वेळेवर पोचवले, म्हणून पोरगा वाचला. मी दवाखान्यात गेलो तेव्हा त्याची आई व्हरांड्यात भिंतीला टेकून बसली होती. मी शेजारी उभा राहिलो. काय बोलावे सुचेना. बऱ्याच वेळाने तीच बोलली. आवाजात राग नव्हता.

“साहेब, त्या दिवशी तुमी लय चांगलं बोलले. मी आतून आयकत होती. पण तुमी त्याले काही इचारलंच नाई.”

वाचकहो, माझ्या एवढ्या वर्षांच्या नोकरीवर एवढे खरे बोट कोणीच ठेवले नव्हते. तुम्ही पिवळे पडलेले पान घेऊन माझ्याकडे येता, तेव्हा मी तुम्हाला भाषण देतो का? आधी विचारतो. वाण कोणता, पेरणी कधीची, पाणी कधी पडले, काय फवारले? पान उलटून पाहतो. गरज पडली तर झाड उपटून मूळ पाहतो. मगच सल्ला देतो. एका झाडासाठी मी एवढे प्रश्न विचारतो. आणि एका आईच्या एकुलत्या एक पोराला एकही प्रश्न न विचारता तासभर डोस पाजून मोकळा झालो.

त्या दवाखान्यात मानसिक आरोग्याचा विभाग होता. आपल्या देशात जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम १९९६ पासून सुरू झाला. त्याखाली जिल्ह्याच्या ठिकाणी डॉक्टर आणि समुपदेशक नेमले जाऊ लागले. मुलगा जरा सावरल्यावर तिथल्या समुपदेशक ताई वॉर्डात आल्या. वय सत्तावीस-अठ्ठावीस. मानसशास्त्रात एम.ए. झालेल्या. खाटेभोवती आम्ही चारजण होतो: आई, बाप, चुलता आणि मी. ताईंनी सगळ्यांसमोर विचारले, “काय झालं रे? असं का केलंस?” मुलाने डोळे मिटून घेतले. उत्तर बापाने दिले, त्यात चुलत्याने भर घातली. वीस मिनिटांनी ताई कागदावर काहीतरी लिहून निघून गेल्या. मला वाटले, हिच्यात आणि माझ्यात फरक तो काय? मी विचारले नाही, हिने विचारले. पण ऐकू तर दोघांनाही काही आले नाही.

त्याच दिवशी चुलत्याने एक शहाणपण सांगितले. “चुकून औषध पोटात गेलं, असंच सांगा. नाहीतर पोलीस पोरावर केस करतील.” ताईंनी मात्र त्याला थांबवले. त्या म्हणाल्या, “काका, डॉक्टरांपासून आणि पोलिसांपासून काहीच लपवू नका. नोंद होईल, पण त्याला गुन्हेगार धरणार नाहीत.” कायदा बदलला होता. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा २९ मे २०१८ पासून लागू झाला आहे. अशा प्रसंगी तो माणूस तीव्र मानसिक ताणाखाली होता असे धरून चालायचे, त्याला शिक्षा करायची नाही आणि सरकारने त्याच्या उपचाराची, काळजीची व्यवस्था करायची, असे त्या कायद्याच्या ११५ व्या कलमात आहे. लागू होऊन पुरते सहा महिनेही झाले नव्हते. ताईंनी एम.ए. केले तेव्हा हा कायदा नव्हताच. त्यांना तो नोकरीतल्या प्रशिक्षणात कळला होता. नसता कळला, तर घाबरलेले ते घर आणखी घाबरले असते.

पंधरा दिवसांनी मुलाला तपासणीला न्यायचे होते. बापाने मलाही सोबत नेले. या खेपेला ताईंची रीत निराळी होती. त्यांनी आम्हा सगळ्यांना नम्रपणे बाहेर बसवले. मुलाच्या समोर न बसता त्याच्या बाजूला, जरा तिरप्या खुर्चीवर बसल्या. दार पुरते लावलेले नव्हते. बराच वेळ आत कोणी बोलत नव्हते. मग ताईंचा आवाज आला. त्यांनी सरळ विचारले होते, जीव द्यावा असे अजून मनात येते का?

आई बाहेर दचकली. माझ्या कानाशी येऊन म्हणाली, “असं काहून इचारते ही बाई? पोराले पुन्हा आठोण येईन ना!” माझ्याही मनात तेच आले होते. तेवढ्यात आतून पोराच्या रडण्याचा आवाज आला. महिन्याभरात तो पहिल्यांदा रडला होता.

ताईंनी नंतर आईला समजावून सांगितले. विचारल्याने असा विचार मनात नव्याने शिरत नाही. तो आत असेल तर विचारल्याने बाहेर यायला वाट मिळते. मायेने विचारावे आणि उत्तर ऐकायला थांबावे. त्यानंतर त्या आईशी वेगळ्या बोलल्या, बापाशी वेगळ्या बोलल्या. शेवटी तिघांना एकत्र बसवले आणि एकच नियम घातला: ज्याने-त्याने स्वतःपुरते बोलायचे, दुसऱ्याचे उत्तर आपण द्यायचे नाही.

आत काय बोलणे झाले ते ताईंनी मला सांगितले नाही, आणि सांगायलाही नको होते. परतीच्या वाटेवर बापानेच सांगितले. मुलाची फी भरायला त्याने बैलजोडी विकली होती. पोराला सांगितले नव्हते, पण पोराला कळले होते. गोठा रिकामा दिसत होता. दोन विषय राहिले तेव्हापासून त्या रिकाम्या गोठ्याकडे त्याला पाहवत नव्हते. आणि मी? मी तासभर बसून त्याला बापाचा घाम सांगत होतो. ज्या जागी जखम, नेमके त्याच जागी मीठ चोळत होतो.

पुढे ताईंची ओळख वाढली. एकदा धीर करून विचारले, “ताई, पहिल्या खेपेला आणि दुसऱ्या खेपेला तुमच्या वागण्यात एवढा फरक कसा पडला?” त्या हसल्या. म्हणाल्या, “मधल्या आठवड्यात आमचं प्रशिक्षण झालं, साहेब. तिथे प्रत्येकाने आपली एक अडलेली केस मांडायची असते, नाव-गाव न सांगता. मी हीच मांडली. शिकवणाऱ्या डॉक्टर बाईंनी मला एवढंच विचारलं, ‘खाटेभोवती किती माणसं होती?’ मी म्हटलं, ‘चार.’ त्या म्हणाल्या, ‘तुझ्या मनातलं तू चार माणसांपुढे सांगितलं असतंस का?’ पुस्तकात मी हे वाचलं होतं, साहेब. पण माझ्या हातून काय राहिलं, ते मला त्या दिवशी दिसलं.”

बंधूंनो, मला या उत्तराचे फार मोल वाटले. आमच्याच खात्यात पाहा ना. मी पदवी घेतली तेव्हा बीटी कापूस नव्हता. तो २००२ मध्ये आला. बोंडअळीची चिंता मिटली, असे आम्हीच तुम्हाला सांगितले. २०१७ मध्ये गुलाबी बोंडअळीने बीटीचीच बोंडे पोखरली, आणि आम्हाला नव्याने शिकावे लागले: कामगंध सापळे लावा, डोमकळ्या वेचून नष्ट करा, फरदड ठेवू नका. २०१८ मध्ये मक्यावर नवी लष्करी अळी आली. ती तर आम्ही कॉलेजात चित्रातही पाहिली नव्हती. मी जुन्या वहीवरच चाललो असतो तर तुमचे पीक बुडाले असते. तुम्ही मला बांधावर उभे केले नसते, आणि तेच बरोबर झाले असते.

मग पिकाला जर नवी कीड येते, तर तरुण मनाला नव्या चिंता येणार नाहीत का? आमच्या लहानपणी घरात मोबाईल नव्हता. आता रात्री दोन वाजता पोराच्या पांघरुणाखाली उजेड असतो, आणि त्या उजेडात कोण त्याला काय बोलते ते आईबापाला ठाऊक नसते. कायदे बदलतात. लहान मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराबाबत २०१२ चा पॉक्सो कायदा आहे. अठरा वर्षांखालच्या मुलावर किंवा मुलीवर असा अत्याचार झाल्याचे कळले, तर ते पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. “घरची गोष्ट घरातच राहू द्या” म्हणून समुपदेशकाला गप्प बसता येत नाही. ज्याने त्याआधी शिक्षण घेतले आणि पुन्हा पुस्तक उघडले नाही, तो चांगल्या मनानेही मुलाचे वाटोळे करील.

म्हणूनच या व्यवसायांत पदवीनंतरच्या शिक्षणाचे नियम केले आहेत. आपल्या राज्यात ॲलोपॅथीच्या डॉक्टरांना महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडची नोंदणी पाच वर्षांनी नवी करताना अशा शिक्षणाचे ३० गुण दाखवावे लागतात. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणजे उपचार करणारे मानसशास्त्रज्ञ. त्यांची नोंद भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते आणि तिथेही नूतनीकरणाला असे गुण लागतात. लांबच्या जिल्ह्यांतल्या माणसांना घरबसल्या शिकता यावे म्हणून बंगळुरूची निम्हान्स, रांचीची केंद्रीय मनश्चिकित्सा संस्था आणि आसामातल्या तेजपूरची संस्था येथे २०१८ मध्ये डिजिटल अकादमी सुरू झाल्या. मात्र पाटीवर ‘समुपदेशक’ लिहिलेला प्रत्येक जण या नियमांत बसतोच असे नाही. म्हणून तुम्ही स्वतः विचारायला शिकले पाहिजे.

आता एक कडू गोष्टही सांगतो. प्रशिक्षण झाले म्हणजे शिक्षण झाले, असे समजू नका. मी जन्मभर प्रशिक्षणांना बसलो आहे. सकाळी सही, अकराला चहा, दुपारी जेवण, संध्याकाळी प्रमाणपत्र. मधल्या वेळात पडद्यावर चित्रे, आणि मागच्या रांगेत डुलक्या. असल्या प्रशिक्षणाने ना शेतकऱ्याचे भले होते, ना कोणाच्या पोराचे. ज्याने आपली चुकलेली, अडलेली केस दहाजणांपुढे मांडली आणि “माझे कुठे चुकले?” असे विचारले, तोच खरा शिकला. गुण मिळतात हजेरीने. शहाणपण येते चूक कबूल केल्याने.

आपल्या शेतीशाळेत दुसरे काय असते? आठवड्याला प्लॉटवर जमायचे, पाने उलटायची, अळ्या मोजायच्या, मित्रकीटक मोजायचे, आणि फवारायचे की नाही ते सगळ्यांनी मिळून ठरवायचे. शेजारच्या गोव्यात संगाथ नावाची संस्था आहे, १९९६ पासूनची. त्यांनी गावातल्या, मानसशास्त्राची पदवी नसलेल्या माणसांना नैराश्यावरचे समुपदेशन शिकवले. रुग्णाशी सहा ते आठ भेटींत बोलायचे. या भेटी रुग्णाच्या संमतीने ध्वनिमुद्रित करायच्या, नंतर समुपदेशकांनी गट करून त्या ऐकायच्या आणि एकमेकांना गुण द्यायचे. कुठे घाई झाली, कुठे रुग्णाचे बोलणे तोडले, ते कानाने ऐकायचे. प्राथमिक आरोग्य केंद्रांत त्यांनी केलेल्या या कामाने नैराश्याचे रुग्ण खरोखर सुधारतात, असे २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले. म्हणजे ती त्यांची शेतीशाळाच म्हणा.

आणि हे गोव्यातच होते असेही नाही. आपल्या अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत ‘विश्राम’ नावाचे काम झाले. गावातल्याच कार्यकर्त्यांना आणि समुपदेशकांना तयार केले. मन उदास होणे हा आजार असू शकतो, हे त्यांनी घरोघर सांगितले आणि ज्याला गरज होती त्याला डॉक्टरांपर्यंत पोचवले. काम सुरू होताना नैराश्य असलेल्या शंभर माणसांतली जेमतेम चार उपचार घेत होती. दीड वर्षाच्या कामानंतर हा आकडा सुमारे सत्तावीसवर गेला. हा अभ्यासही २०१७ मध्येच प्रसिद्ध झाला. आपल्याच मातीतली, आपल्याच बोलीची माणसे होती ती. त्यांना कोणीतरी शिकवले आणि शिकवून वाऱ्यावर सोडले नाही.

२०१९ च्या मे महिन्यात ताईंचा निरोप आला. त्यांच्या पुढच्या प्रशिक्षणात मी एक तास शिकवावा, अशी त्यांच्या डॉक्टरांची इच्छा होती. मी म्हटले, मनाचे मला काय कळते? त्या म्हणाल्या, “मनाचं नका सांगू. कास्तकाराच्या घरातलं वर्ष सांगा.”

मी फळ्यावर बारा महिने लिहिले. मे महिन्यात बियाण्याची जुळवाजुळव, जुने पीककर्ज भरून नवे काढायची धावपळ आणि पोरांचे निकाल. जून-जुलैत पेरणी, पाऊस दगा देतो तेव्हा दुबार पेरणी, आणि नेमक्या त्याच दिवसांत शाळा-कॉलेजचे प्रवेश आणि फी. ऑगस्ट-सप्टेंबरात निंदण, डवरणी, फवारणी आणि पावसाचा खंड. दिवाळीला कापूस-सोयाबीन घरात येते, पण भावाचा पत्ता नाही आणि देणेकरी दारात. माघ-फाल्गुनात लग्नसराई आणि बँकेची नोटीस.

तेवढ्यात एका शाळेकडे काम पाहणारी समुपदेशक उभी राहिली. म्हणाली, “सर, मी दर वर्षी जूनच्या शेवटी पालकांना भेटीला बोलावते. ते येत नाहीत, आणि मी ‘पालकांचे सहकार्य नाही’ असा शेरा लिहिते.” वर्ग शांत झाला. मग एकाने सुचवले, भेटी पोळ्यानंतर ठेवू. दुसऱ्याने सुचवले, बाजाराच्या दिवशी ठेवू. मी त्यांना आपल्या बोलीतले शब्दही सांगितले. आपल्या घरात कोणी ‘मला नैराश्य आले’ म्हणत नाही. बाई म्हणते, ‘डोकं जड राहते, जीव घाबरते.’ बाप म्हणतो, ‘कशात मन लागत नाई.’ पोरगा नुसते म्हणतो, ‘काही नाई.’ त्या सगळ्यांनी हे वहीत उतरवून घेतले.

जेवणानंतर माझी पाळी आली. त्यांनी मला शेती अधिकाऱ्याचीच भूमिका दिली आणि एका मुलीला उदास मुलाची. घड्याळ लावून पाच मिनिटे बोलायचे होते. सगळे मोजत होते. पाच मिनिटांत मी नऊ सल्ले दिले आणि प्रश्न विचारला एक, तोही “समजलं ना?” असा! सगळे हसले, मीही हसलो. दुसऱ्या खेपेला मला एकच काम दिले: एक मिनिट गप्प बसायचे. खोटे नाही सांगत, सात एकर नांगरणे सोपे, पण दुसऱ्याचे दुःख समोर असताना एक मिनिट गप्प बसणे फार कठीण. मला ते तिसऱ्या खेपेला जमले.

आता त्या मुलाचे सांगतो. त्याने वर्षभर औषधे घेतली, भेटी चुकवल्या नाहीत. कॉलेज सोडले ते सोडलेच. तालुक्याला मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात काम शिकला. आता पंप, मोटारी दुरुस्त करतो. मधूनमधून त्याचे वाईट दिवस येतात, तेव्हा तो स्वतःच ताईंना फोन करतो. बाप अजून कमी बोलतो. पण गोठ्यात पुन्हा बैलजोडी आली, त्या दिवशी बापाने कासरा आधी पोराच्या हातात दिला, असे आई मला सांगत होती.

आता तुम्ही काय करावे, ते सांगून संपवतो. पोराच्या शाळेत-कॉलेजात समुपदेशक आहे का, हे पालकसभेत विचारा. असेल तर त्यांचे शेवटचे प्रशिक्षण कधी झाले आणि त्यांना अडले तर ते कोणाला विचारतात, हेही विचारा. यात त्यांचा अपमान नाही. चांगला समुपदेशक आनंदाने सांगेल. समुपदेशकाकडे जाताना जत्रा घेऊन जाऊ नका. पोराला एकट्याने बोलू द्या. बोलण्याचा उपयोग झाला नाही तर मुकाट्याने जाणे बंद करू नका. “ताई, त्या दिवशी अमुक बोलणे लागले” असे सांगा, म्हणजे तेही शिकतील. तुमच्या गावच्या आशाताईला आणि आरोग्य केंद्राला या विषयाचे प्रशिक्षण मिळावे, ही मागणी ग्रामसभेत मांडा. रस्त्या-पाण्याइतकीच ती खरी मागणी आहे.

शेती अधिकारी म्हणून एक हात जोडून सांगणे. फवारणीचे औषध घरात उघड्यावर ठेवू नका. पेटीत ठेवा, कुलूप लावा, किल्ली जबाबदार माणसाकडे असू द्या. उरलेले औषध पुढच्या हंगामासाठी साठवू नका. लागेल तेवढेच आणा. वाईट घडी येते आणि जातेही. त्या घडीला हाताशी औषध नसले तर जीव वाचतो. मी आता फवारणीचा सल्ला लिहून देतो, त्याच्या खाली कुलपाची ओळ लिहिल्याशिवाय कागद हातात देत नाही.

आणि घरात कोणी गप्प गप्प झाले, जेवण-झोप सुटली, ‘माझा काही उपयोग नाही’ असे बोलू लागले, तर १४४१६ हा टेलिमानसचा नंबर फिरवा. १० ऑक्टोबर २०२२ पासून ही सरकारी सेवा सुरू आहे. दिवसा-रात्री कधीही, फुकट, आणि मराठीत बोलता येते. जिवाला धोका वाटला तर त्या माणसाला एकटे सोडू नका आणि लगेच दवाखाना गाठा.

मी अजूनही त्या गावाला जातो. कोणी म्हणते, “साहेब, पोराले जरा समजावून सांगा,” तेव्हा मी खाटेवर बसतो, पोराला शेजारी बसवतो, इतरांना चहा करायला आत पाठवतो आणि विचारतो, “कसं चाललंय रे?” मग गप्प बसतो. पुढचे माझ्या आवाक्याबाहेरचे असले तर ताईंचा नंबर देतो. नोकरीच्या शेवटाला एवढे शिकलो. एका माउलीने व्हरांड्यात बसून शिकवले.